वांदरकड्यावर चोरी करणेबाबत

वांदरकड्याच्या माथ्यावर जायला तीन वाटा आहेत. त्यांतल्या दोन फक्त उतरायच्या, आणि त्याही एकदाच.

*

हारुन टेलरने चार काळी टोपरी शिवली. डोळ्यांच्या जागी भोकं पाडायची वेळ आली तेव्हा त्याने दुकानातूनच ओरडून विचारलं, "अनीसभाय, काज करू की नुसतं कापू?"

*

पेटी एक. सागवानी. कडांना पितळी पट्ट्या. आत काही नाही.

*

"घरात बल्ब बदलायला स्टुलावर चढता, तेव्हासुद्धा माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहता," राबिया म्हणाली.

*

छापील अर्जात 'चोरलेली वस्तू खाली आणण्याचा मार्ग' असा रकाना नव्हता. तो मी पट्टीने आखला.

*

मूठभर तांदूळ. हातसडीचे, जरा तांबूस.

*

हे सगळे कागद एकाच फाइलीतले. नाडी सुटली म्हणून क्रम बिघडला, इतकंच. आता लावून घेतो.

मी अनीस मणियार. जव्हारला एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. बाहेरून आलेल्या कागदावर मी 'आवक'चा शिक्का मारतो, आतून निघालेल्या कागदावर 'जावक'चा, आणि मधल्या काळात तो कागद कुठे असतो हे मला कुणी विचारू नये. सतरा वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद चुकीच्या हातात गेलेला नाही. ज्याचा अर्ज, त्याच्याच हातात उत्तर. भाऊ आला, चुलता आला, सरपंच आला, तरी नाही. यावरून लोक मला तोंडावर नियमाचा माणूस म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात त्याची माझ्याकडे नोंद नाही.

१९८६च्या दिवाळीत टीव्हीवर 'आजचा डाव' नावाची मालिका सुरू झाली. दर आठवड्याला एक नवी चोरी. कधी बँक, कधी आगबोट, कधी कुणा नवाबाचा हार. चोर पंचवीस मिनिटं अतिशय हुशार असत आणि शेवटच्या दोन मिनिटांत एकदम मूर्ख होऊन पोलिसांच्या हाती लागत. बहुधा तशी वरून सूचना असावी. चौथ्या भागाच्या शेवटी पाटी आली: प्रेक्षकांनी कथा पाठवाव्यात.

मी पाठवली. संस्थानच्या काळातली खजिन्याची पेटी, एका भयंकर डोंगराच्या माथ्यावर. सात रखवालदार. चार चोर. चोर रखवालदारांना ताडीतून गुंगीचं औषध पाजतात, ते झोपतात, पेटी जाते. सोळा फुलस्केप, दोन्ही बाजूंनी, तीन प्रतींत. दिग्दर्शकांचं उत्तर आलं: "कथा बत्तिसाव्या भागासाठी निवडली आहे. १) डोंगर खरा आहे काय? २) दोन दिवसांत चित्रीकरण आटपेल काय? ३) आपण स्वतः माथ्यावर गेला आहात काय?"

पहिल्या दोन प्रश्नांना मी 'होय' लिहिलं. तिसऱ्याशी थांबलो. पोशेऱ्याच्या पुढे, एका पाड्याच्या पाठीवर उभा असलेला वांदरकडा मी मोखाड्याच्या एसटीतून शेकडो वेळा पाहिला होता, म्हणजे जेव्हा जेव्हा खिडकी मिळाली तेव्हा. मी 'नाही' लिहायला पेन टेकवलं आणि कागदावर उमटलं: 'अनेकदा. माथ्यावरून दिसणारी शोभा अवर्णनीय आहे.' कागद जावक झाला. जावक झालेला कागद परत बोलावण्याची तरतूद नाही.

मला हवं होतं ते फार नव्हतं. पडद्यावर 'कथा' हा शब्द, आणि त्याच्यापुढे 'अनीस मणियार'. तीन सेकंद. चारसुद्धा नकोत. सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले. एक कागद माझा जावा आणि तो सगळ्यांनी बघावा, एवढंच. दिग्दर्शकांच्या दुसऱ्या पत्रात मात्र एक ओळ होती: 'दोन दिवसांत काम न झाल्यास बत्तिसाव्या भागासाठी दादरच्या फ्लॅटमधील चोरीची दुसऱ्या लेखकाची कथा तयार आहे.' तेव्हापासून मला दादरचा राग येतो.

बातमी मोहल्ल्यात पसरली, आणि जो तो चोरीतला तज्ज्ञ निघाला. हारुन टेलर म्हणाला, चोर लुंगीत नको, धावता येत नाही, हे तो अनुभवाने सांगतो आहे. अनुभव कसला ते सांगेना. खैरुन खालाचं मत विचारावंच लागे, कारण टीव्ही तिच्याकडे. तिने सुपारी कातरता कातरता विचारलं, "चोर कोण, आपल्यातला की त्यांच्यातला?"

"खाला, चोराला नाव नाही. नुसता चोर."

"मग बरं. आणि जुम्म्याला चोरी ठेवू नकोस. बाकी दिवशी करा काय करायचं ते."

चित्रीकरण शुक्रवार-शनिवारीच होतं. मी खालाला शनिवार सांगितला.

मग परवानगी. डोंगर ज्यांच्या अखत्यारीत होता त्या कार्यालयात (कुठलं ते सांगत नाही, मलाही नोकरी करायची आहे) मी अर्ज दिला. विषय: वांदरकड्यावर चोरी करणेबाबत. तिथल्या साहेबांनी तो दोनदा वाचला.

"चोरायचं काय आहे?"

"पेटी, साहेब."

"लाकडी?"

"सागवानी."

"मग वाहतूक पास लागेल. सागवान डोंगरावरून खाली येणार ना?"

"पण साहेब, ती आधी आपणच वर नेणार आहोत."

"वर नेण्याला आमची हरकत नाही. हरकत खाली आणण्याला आहे."

शेवटी आम्ही दोघांनी मिळून एक नवा रकाना ठरवला, मी तो आखला, त्यात 'खांद्यावरून, पळत' असं लिहिलं, आणि परवानगी मिळाली. दोन सरकारी नोकर मनावर घेतात तेव्हा काहीही होऊ शकतं, हे मला त्या दिवशी पटलं.

*

गुरुवार. पेटी पाड्यावर पोचली.

पाड्याचा कारभारी ढवळू. भात आणि नाचणी करणारा, पन्नाशीचा, अंगाने लाकडासारखा वाळका. माझ्या कचेरीत दोनदा येऊन गेलेला. पाड्यावर सगळ्यांना एकेरीच हाक मारतात, मग तो कलेक्टर का असेना, त्यामुळे 'साहेब, तू' हे ऐकून मी आतल्या आत थोडा आक्रसलो, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

युनिट शुक्रवारी सकाळी येणार होतं. सातही रखवालदार पाड्यातलेच घ्यायचे ठरले होते. पेटी त्यांनी आदल्या दिवशीच माथ्यावर नेऊन ठेवावी आणि सांभाळावी, अशी माझी योजना.

ढवळूने विचारलं, "सांभाळायची म्हंजे बघत बसायची, का राखन लावायची?"

"फरक काय?"

"बघत बसलों त डोळा बी लागतो. राखन लावली त निजायचा नाय."

आता, दोन पद्धतींपैकी एक साधी आणि एक रीतसर असेल तर मी कुठली निवडणार? मी म्हणालो, "राखण लावा."

मग कड्याच्या पायथ्याशी विधी झाला. ढवळूच्या आईने, फागीने, माझ्या ओंजळीत मूठभर तांदूळ घातले. मी ते पेटीवर वाहिले. तेच दाणे सात जणांनी उचलून आपापल्या कमरेच्या फडक्यात बांधले. पेटीभोवती रानवेल गुंडाळला आणि त्याची गाठ मला मारायला लावली.

"ज्यानी दिली त्यानीच न्यायची," ढवळू म्हणाला. "जिथं बसंल तिथूनच उचलायची. गाठ तू मारली, तूच सोडायची. खळ्यावरचा भात आमी असाच राखतों. सख्खा भाऊ आला तरी दाना देत नाय."

मी मान डोलावली. मनात म्हणालो, किती शिस्तीचे लोक! आमच्या कचेरीत यातले दोन मिळाले तर. पेटी घेऊन ते सात जण कड्यावर चढून गेले, जसं काय जिना चढावा. मी पायथ्याशीच उभा होतो. मान वर करून बघितलं, आणि मान वर केल्यानेही चक्कर येते हे मला नव्याने कळलं.

*

शुक्रवार. दोन जीप, एक टेम्पो, चौदा माणसं, गळ्यात शिटी अडकवलेले दिग्दर्शक आणि मुंबईहून आलेला, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेला हिरो. कॅमेरा समोरच्या धारेवर लावला. मधे दरी. दिग्दर्शक भोंग्यातून बोलत आणि त्यांचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येई.

"रखवालदार, झोपा! ...झोपा!"

एकही रखवालदार झोपला नाही.

"ताडी प्यायल्यासारखे झोपा!"

सातही जण पेटीभोवती उभे, काठ्या घेऊन, डोळे वटारून. दिग्दर्शक मला म्हणाले, काय जबरदस्त चेहरे आहेत हो, असू द्या, जागेच असू द्या, चोर झटापट करून पेटी नेतील. आणि त्यांनी शिटी फुंकली.

हिरो आणि त्याचे तीन साथीदार दोर लावून, दमत-भागत माथ्यावर पोचले. हिरोने पेटीवर हात ठेवला. लाडक्या नावाच्या रखवालदाराने हिरोवर हात ठेवला. पुढचं मी दुर्बिणीतून पाहिलं. चौघांना त्यांच्याच दोराने बांधायला रखवालदारांना जेमतेम तेवढा वेळ लागला, जेवढा मला एक पाकीट चिकटवायला लागतो. मग माथ्यावरून ढवळूची हाळी आली:

"साहेब! चोर गावलं! कोनाच्या ताब्यात देऊं?"

पाच जणांना पेटीपाशी ठेवून ढवळू आणि लाडक्याने चोरांना सोडवून खाली आणेपर्यंत बारा वाजले. हिरो एका दगडावर बसून पायातला बूट काढून त्यातले खडे मोजत होता. दिग्दर्शक आणि मी ढवळूला समजवायला बसलो.

"हे बघा," दिग्दर्शक म्हणाले, "हे खरं नाही. हे नाटक आहे. तुमच्यात नसतं का काही?"

"हाय ना. बोहाडा हाय आमचा. रावन येतो, तोंडावर मुखवटा घालून. नाचतो, जातो."

"बस! तसंच हे. हा चोर म्हणजे रावण."

"पन रावन कंधी कोनाची पेटी घेऊन जात नाय," ढवळू शांतपणे म्हणाला. "नाचाया सांग त्याला. नाचंल तवढा नाचू दे."

"अहो, पण ही चोरी खोटी आहे!"

"चोरी खोटी असंल. तांदूल खरं होतं. ह्या साहेबाला विचार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तांदूळ खरे होते. मी तसं सांगितलं. मग घसा साफ करून म्हणालो, "ढवळू, पेटी मी दिली. आता मीच सांगतो की माझ्या वतीने ती ह्या हिरोला द्या. वाटल्यास लिहून देतो."

ढवळू हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"साहेब, माज्या भावाचा हिरीचा कागद न्यायला मी तुज्या हापिसात आलतो. दोन येळा. तू बोललास, ज्याचा अर्ज त्याच्याच हातात. मी बोललो, भाऊ तापानं पडलाय. तू बोललास, उतरंल ताप, मंग येऊं दे." तो दिग्दर्शकांकडे वळला. "मी पाड्यावर येऊन सांगितला, जव्हारच्या हापिसात एकच मानूस राखनीचा हाय. त्याची पेटी आमी दुसऱ्याला द्यायची? आमाला काय अब्रू हाय का नाय?"

सतरा वर्षांत माझा असा गौरव कुणी केला नव्हता. आणि ज्या क्षणी झाला त्या क्षणी मला तो कुठेतरी पुरून टाकावासा वाटत होता.

*

मग माझ्या डोक्यात दुसरी पेटी आली. हारुनच्या शिलाई मशीनचं लाकडी झाकण! सोनेरी कागद लावला की खजिना. पायथ्याच्या एखाद्या खडकावर ठेवून जवळून चित्रीकरण करायचं, माथ्यावरच्या पेटीशी कुणाला देणंघेणं नाही. दिग्दर्शकांनी जीप पाठवली. झाकणाबरोबर हारुनही आला, कारण त्याच्या बापाचं मशीन, आणि सिनेमावाल्यांचा काय भरवसा.

इथे माझी चूक एवढीच की मी दहा मिनिटं सोनेरी कागद शोधायला टेम्पोत गेलो. परत येतो तर खडकावर झाकण नाही आणि हारुन जीपमध्ये बसून निघायच्या तयारीत.

"झाकण कुठाय?"

"एकदम सेफ आहे, अनीसभाय! इथला तो लाडक्या, शरीफ माणूस. मी म्हटलं, जरा बघ रे. तो म्हणाला, नुसतं बघू का राखण लावू? मी म्हटलं, जे पक्कं असेल ते कर बाबा."

मी वर बघितलं. कड्याच्या शेवटच्या टप्प्यावर लाडक्या डोक्यावर झाकण घेऊन चढत होता.

झाकणाच्या राखणीला माथ्याच्या पलीकडच्या अंगाला पाड्यातले दुसरे दोघे बसले, आणि पुढच्या आठवड्यात ते आणायला हारुनला स्वतः माथ्यावर जावं लागलं. तो मला लागला त्याच्या निम्म्या वेळात चढला, याची इथे नोंद करण्याचं खरं तर कारण नाही.

दिग्दर्शकांनी घड्याळात बघितलं. "मणियार, उद्या दुपारी दोनला आम्ही निघतो. पेटी तोपर्यंत कॅमेऱ्यासमोर चोरीला गेली नाही तर सोमवारी दादर."

"साहेब चढंल, गाठ सोडंल, झाला," ढवळू म्हणाला.

"हो की!" दिग्दर्शकांनी खिशातून माझंच पत्र काढलं. "अनेकदा. माथ्यावरून दिसणारी शोभा अवर्णनीय आहे. मग अडचण काय आहे? हिरोचा शर्ट तुम्ही घाला, टोपरं घाला, इतक्या लांबून कोण ओळखतंय! चोर तुम्हीच."

चौदा माणसं, एक पाडा आणि दगडावर बसलेला हिरो माझ्याकडे बघत होते. फागीसुद्धा भाकरी थापायची थांबली होती.

"अडचण काहीच नाही," मी म्हणालो.

*

संध्याकाळी घरी बायकोला, राबियाला, सगळं सांगितलं. स्टुलाबद्दलचं वाक्य ती तेव्हा म्हणाली. मग म्हणाली, "सांगून टाका ना, कधी चढलो नाही म्हणून. काय होईल फार तर?"

"दादर होईल."

"होऊ दे."

"राबिया, ती कथा माझी आहे. सोळा फुलस्केप."

मग उठून तिने माझ्या पँटचे पाय घोट्याशी आवळून दोन-दोन टाके घातले, म्हणजे काटेरी झुडपात अडकायला नको. "खाली बघू नका," टाका तोडताना ती म्हणाली. "बल्बाकडे बघता ना, तसं वर बघा."

*

शनिवार. चढायला सुरुवात केली तेव्हा माझ्या पुढे फागी होती. वय सत्तर असेल, जास्तही असेल, अनवाणी, डोक्यावर पाण्याचा हंडा. रखवालदारांना पाणी नेण्याचं काम तिचं.

हिरोचा काळा शर्ट मला पोटावर बसत नव्हता. टोपऱ्याची भोकं हारुनने काज करून इतकी नीट शिवली होती की त्यांतून सरळ समोरचं तेवढं दिसे. समोर खडक होता.

"डोळं मिटून कसा चढशील रं?" फागी वरून म्हणाली.

"मिटले नाहीत."

"मंग उघड ना."

समोरच्या धारेवरून भोंगा ओरडला, "चोरासारखे चढा! घाबरल्यासारखे नको! ...नको!"

"तो कंचा बोंबलतो?"

"दिग्दर्शक आहेत, आजी."

"त्याला सांग, तू ये चढाया."

"मणियार! ...ती म्हातारी कोण आहे? फ्रेममधून काढा तिला!"

फागीला फ्रेममधून काढणं म्हणजे मला वाटेतून काढणं, कारण मी तिच्या टाचा बघून पाय ठेवत होतो. जिथे तिची टाच, तिथे माझा पंजा. मधे एक उभा टप्पा आला, खडकात बोटं रुतवायला चार खाचा आणि एका उंबराचं मूळ. तिथे मी थांबलो. राबियाने सांगितल्याप्रमाणे वर बघावं तर फागीचा हंडा, आणि हंड्यातलं पाणी माझ्या तोंडावर ठिबकत होतं.

"आजी, मी इथेच थांबतो. तुम्ही जा."

"थांब की. रातीला बिबट्या येतो ह्याच वाटंनं."

मी चढलो. सोळा फुलस्केप, दोन्ही बाजूंनी, म्हणजे बत्तीस पानं. एकेका पानाचं नाव घेत एकेक पाऊल. पान नऊवर हाताची साल निघाली. पान सतरावर काळ्या शर्टाचं बटण गेलं. पान तीसवर उंबराचं मूळ संपलं आणि कुणीतरी माझं मनगट धरून मला वर ओढलं. तो लाडक्या होता. त्याने मला उभं केलं आणि लगेच काठी आडवी धरली.

"टोपरा काढ," ढवळू म्हणाला. "तोंड बघूं."

माझी पाठ कॅमेऱ्याकडे होती. मी टोपरं काढलं.

"कोन तू?"

"अरे ढवळू! मी, अनीस!"

"पेटी कोनाची?"

"माझी."

"गाठ कोनी मारली?"

"मी."

"सोड."

वेल दोन दिवस उन्हात वाळून तारेसारखा झाला होता. गाठ नखांनी सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. मग रीत अशी की घेणाऱ्याने तीनदा मोठ्याने म्हणायचं, "माझं मला पावलं." मी म्हणालो. सात जणांनी कमरेची फडकी सोडून ते तांदूळ माझ्या पदरात टाकायला हात पुढे केले. पदर नव्हता, म्हणून मी टोपरं पुढे केलं.

राखण उतरली. आणि मग ते घडलं. गुरुवार दुपारपासून ज्यांनी पापणी मिटली नव्हती ते सात पुरुष, ढवळूसकट, जिथे होते तिथेच कलंडले. कुणी खडकाला टेकून, कुणी दुसऱ्याच्या मांडीवर, लाडक्या तर काठी धरूनच. काही क्षणांत माथ्यावर घोरण्याशिवाय आवाज नव्हता.

दरीपलीकडून भोंगा किंचाळला, "झोपले! झोपले! ...कॅमेरा चालू ठेवा! मणियार, त्यांच्यामधून दबकत चाला! ...दबकत!"

मी टोपरं घातलं (डोक्यात तांदूळ गेले) आणि दबकत चाललो. खरं सांगायचं तर मला दुसऱ्या कुठल्याही प्रकारे चालता येत नव्हतं.

त्या गडबडीत एकदा मी वळून बघितलं. खाली भाताच्या खाचरांची वाळलेली पायरी-पायरी, पोशेऱ्याची कौलं, मोखाड्याच्या रस्त्यावर काडेपेटीएवढी एसटी, आणि तिच्या खिडकीत बसून कुणीतरी वर बघत असणार. वर्णन करता येण्यासारखंच होतं सगळं.

पेटी खाली आणायला कुणी जागं नव्हतं. फागीने रिकामा हंडा माझ्या हातात दिला, पेटी डोक्यावर घेतली आणि निघाली. मी तिच्यामागून बसून उतरलो. परवानगीत 'खांद्यावरून, पळत' होतं, पण ते कुणी तपासलं नाही. दिग्दर्शक दीडच्या सुमारास भोंगा खाली ठेवून नुसतेच म्हणाले, "ही म्हातारी टोळीची मुख्य आहे. मला आधीच कसं सुचलं नाही!"

*

मधे चार महिने गेले. ईद होऊन आठ-दहा दिवस झाले होते. रविवारी संध्याकाळी खालाच्या घरात बसायला जागा नव्हती. हारुन छपरावर अँटेना धरून उभा, आणि खालून दर मिनिटाला कुणीतरी ओरडे, "डावीकडे! अजून! बस, हलू नकोस, श्वास घेऊ नकोस!"

भाग चांगला झाला होता. मुंग्यांच्या पडद्यातून का होईना, वांदरकडा भयंकर दिसत होता. चोर पेटीवर वाकून तीनदा काहीतरी बोलतो तिथे मागून आवाज घातला होता: "खजिना आता आपला!" फागी पेटी घेऊन निघाली तेव्हा सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. राबिया माझ्याकडे न बघता बांगड्या मागे-पुढे सरकवत होती.

मग नावं. कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन: दिग्दर्शकांचं नाव. ती पाटी तीन सेकंद होती. मी मोजली. त्यानंतर छायाचित्रण, संकलन, रंगभूषा. आणि सगळ्यांत शेवटी, एकट्याने: 'साहसदृश्ये – अनीस मणियार.'

छपरावरून हारुन विचारत होता, "आलं का? नाव आलं का?"

"साहस म्हणजे काय रे?" खालाने विचारलं.

"म्हणजे हे चढले ते," राबिया म्हणाली. "ते खरं हेच चढले, खाला. शर्टाचं बटण मीच लावलं नंतर."

"हा? अनीस?" खालाने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "मग कथेचं काय घेऊन बसलायस? कथा कुणीही लिहील."

मोहल्ल्यात आता मला पाण्याच्या टाकीवर, मशिदीच्या कौलांवर, नारळाच्या झाडावर चढायला बोलावतात. मी जात नाही. सोमवारी कचेरीत गेल्यागेल्या मी दिग्दर्शकांना पत्र लिहिलं, तीन प्रतींत, सोळा फुलस्केपची कार्बन प्रत जोडून: कथा माझी आहे, नोंद दुरुस्त व्हावी. उत्तर आलं नाही. पहिलं स्मरणपत्र जुलैत. दुसरं ऑगस्टात. मालिका संपली तरी मी थांबलो नाही. मालिका संपते, पत्रव्यवहार संपत नाही. काल अकरावं स्मरणपत्र जावक केलं. बाराव्याचा मसुदा तयार आहे, आणि पोस्टाने उत्तर आलंच नाही तर तेरावं मी स्वतः मुंबईला नेऊन दिग्दर्शकांच्याच हातात देणार आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही.

शनिवार, दिनांक ७ फेब्रुवारी १९८७ रोजी दुपारी एक वाजता मी वांदरकड्याच्या माथ्यावर होतो.